इंग्रजीतून सभ्य अविश्वास

मराठीत अविश्वास दाखवायला माझ्या बायकोला शब्द लागत नाहीत. डावी भुवई पुरते. ती वर गेली की भाजीवाला न सांगता वजन पुन्हा करतो, आई बोलता बोलता थांबून पाणी प्यायला उठते आणि मी 'म्हणजे अगदी तसंच झालं असं नाही' म्हणत विषय बदलतो. पण फोनवर भुवई दिसत नाही.

हा प्रश्न एका विमा कंपनीने उभा केला. कंपनीला दाव्यांच्या फोनवर बसायला माणसं हवी होती. हिने अर्ज केला, लेखी परीक्षा दिली आणि ती पासही झाली. मग कंपनीतल्या बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे लोक काहीही सांगतात. आपल्यावर यांचा विश्वास बसलेला नाही हे त्यांना कळलं पाहिजे, पण राग येता कामा नये. आणि हे इंग्रजीतून जमलं पाहिजे. पुढच्या महिन्यात तोंडी परीक्षा घेऊ."

नोकरी हिला हवी होती. ती तसं म्हणाली नाही. पण कपाटाच्या वरच्या कप्प्यातली जुनी पर्स तिने काढली, पुसली आणि दारामागच्या खुंटीला अडकवून ठेवली. रिकामीच. येता-जाता ती पर्स मला दिसायची.

"इंग्रजी येतं हो मला," ती म्हणाली. "पण माझं इंग्रजी विश्वास ठेवणारं आहे. येस, ओके, थँक यू, नो प्रॉब्लेम. त्यात संशयाला जागाच नाही."

मी म्हणालो, "ते माझ्यावर सोड."

मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. संशय हे आमच्या हत्यारांच्या पेटीतलं सर्वांत वापरातलं हत्यार. चोर आमच्याकडे 'कथित' असतो, मंत्री 'म्हणाले' यावर थांबतो आणि पूर आला तरी तो 'आल्याचे समजते'. कोणतीही बातमी दोन सूत्रांकडून पक्की झाल्याशिवाय आम्ही छापत नाही. असा माणूस घरात असताना बायकोने संशयासाठी बाहेर शिकवणी लावणं मला कमीपणाचं वाटलं.

त्याच संध्याकाळी मी इंग्रजी अविश्वासाची वर्गवारी केली. आम्हाला मथळ्यांची सवय, म्हणून मी कॉलमांनुसार केली. 'आर यू शुअर?' हा एक कॉलम. रोजच्या वापराचा, कोणाला लागत नाही. 'आय हॅव माय डाउट्स' दोन कॉलम. 'आय फाइंड दॅट हार्ड टु बिलीव्ह' चार कॉलम, पण आवाज मऊ ठेवायचा. आणि 'यू मस्ट बी जोकिंग' हा आठ कॉलमी मथळा, युद्धाबिद्धासाठी राखून ठेवलेला.

"आता तू काहीतरी खोटं सांग," ती म्हणाली आणि जीभ चावली. "म्हणजे तुम्ही सांगा. मी संशय घेते."

मी घसा साफ केला. "माझी स्कूटर काल बाजारातून चोरीला गेली," मी म्हणालो. मग मला राहवेना. "असा माझा दावा आहे. पोलिसांनी अद्याप दुजोरा दिलेला नाही."

"अहो, दावा तुमचा. तुम्हीच त्यावर संशय घेतला तर मी काय करू?"

मी पुन्हा प्रयत्न केला. पण प्रत्येक थापेच्या शेवटी 'असे सांगण्यात येते' आपोआप येत होतं. इतकी वर्षं पगार घेऊन लावलेली सवय एका संध्याकाळी कशी सुटणार?

आई कोपऱ्यात बसून हे ऐकत होती. ती म्हणाली, "मला नाही बाई खोटं बोलता येत." मग शांतपणे पुढे म्हणाली, "तुमच्या लग्नात मी कुणाला एक शब्द तरी बोलले का?"

"यू मस्ट बी जोकिंग," हिच्या तोंडून बाहेर पडलं.

उच्चार निर्दोष होता. आईने अर्थ विचारला. मी सांगितला नाही. आई म्हणाली, "नको सांगूस. सूर कळला मला."

घरचा साठा असा पहिल्याच दिवशी संपला. थापा बाहेरून आणणं भाग होतं, आणि इथूनच गोष्ट हाताबाहेर जायला लागली.

मी फक्त समोरच्या सरांना सांगितलं होतं. सर इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. त्यांचं म्हणणं, सभ्य अविश्वासाची सुरुवात 'विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट' अशीच व्हायला हवी. ते म्हणताना मान किंचित झुकवायची. मी म्हणालो, "सर, फोन आहे." सर म्हणाले, "मान झुकली की आवाज झुकतो." मग त्यांनी हिच्याकडून मान झुकवून घेतली, इतक्या वेळा की दुसऱ्या दिवशी हिला मान वळवता येईना. एक अख्खा दिवस ती सगळं जग तिरकं पाहत होती, आणि भेटणाऱ्या प्रत्येकाला वाटलं की आपल्यावर संशय घेतला जातोय.

सरांनी वरच्या मजल्यावर सांगितलं, वरच्यांनी खालच्यांना. दोन-चार दिवसांत संध्याकाळी आमच्या बैठकीत थापा मारायला येणाऱ्यांची रांग लागली. माणसाला आयुष्यात खोटं बोलण्याचे प्रसंग पुष्कळ येतात, पण चहा-बिस्किटं देऊन, कौतुकाने ऐकणारा श्रोतृवृंद समोर बसवून कोणी बोलायला लावत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी रोज नवीन साडी नेसून येऊन त्याच त्या चोरीला गेलेल्या हाराची थाप मारत. हार दर खेपेला थोडा जड होत असे. एक गृहस्थ आपली थाप पाठ करून आले आणि मध्येच विसरले, तेव्हा त्यांच्या मुलीने पुढचं वाक्य सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एकाने 'मी लग्नाआधी उत्तम गायचो' असं सांगितलं. हिने 'आय हॅव माय डाउट्स' म्हटल्यावर तो खरंच गायला लागला. हिचा संशय रास्त होता हे सगळ्यांना मान्य झालं, पण तो तीन दिवस आमच्याशी बोलला नाही.

ही मात्र तयार होत होती. सगळ्यांच्या थापा शांतपणे ऐकायची, हातातलं काम चालू ठेवायची आणि नेमक्या जागी नेमक्या कॉलमचं वाक्य टाकायची. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मुलगी नाव काढणार." खुंटीवरच्या पर्समध्ये आता एक रुमाल आणि पेन आलं होतं.

अशाच एका संध्याकाळी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दारात येऊन उभे राहिले. आमची लिफ्ट कित्येक महिने बंद आहे. तिच्या दारावर 'काम चालू आहे' अशी पाटी आहे. तिथे काम सोडून सगळं चालू असतं. मुलं लपाछपी खेळतात, वहिनी तिथे कांदे वाळवतात. सेक्रेटरी गर्दी पाहून जरा गोंधळले. मग म्हणाले, "या महिनाअखेर लिफ्ट सुरू होणार आहे."

हिला वाटलं, यांची पाळी आली. तिने सोलत असलेल्या मटारातून नजर वर केली आणि अत्यंत मऊ आवाजात म्हणाली, "विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट, सर, आय फाइंड दॅट हार्ड टु बिलीव्ह."

बैठकीत टाळ्या पडल्या. सर तर उभे राहिले.

"मी खोटं बोलायला आलेलो नाही," सेक्रेटरी म्हणाले. "मी सूचना द्यायला आलोय."

कोणीतरी मागून म्हणालं, "वा. चेहरा बघा, जराही हलला नाही."

सेक्रेटरी गेले. त्यांच्या चपलांचा आवाज चार जिने उतरेपर्यंत ऐकू येत होता. लिफ्ट असती तर आला नसता, असं मला वाटून गेलं. पण तेव्हा ते बोलण्याची वेळ नव्हती.

त्यानंतर काही दिवसांनी पालिकेचा निरीक्षक आला. बारीक अंगाचा, घामाघूम झालेला तरुण माणूस. तक्रार अशी होती की निवासी जागेत विनापरवाना शिकवणी वर्ग चालतो.

"वर्ग नाही," मी म्हणालो. "लोक इथे येऊन खोटं बोलतात."

"कशाबद्दल?"

"कशाहीबद्दल."

"आणि तुमच्या मिसेस?"

"विश्वास ठेवत नाहीत."

त्याने कपाळावरचा घाम पुसला. "साहेब, मी सकाळपासून चौदा जिने चढलोय. माझी थट्टा करू नका."

"मी लेखी देतो," मी म्हणालो, आणि दिलं. तारीख, वेळ, सहभागी व्यक्ती, थापांचं सरासरी स्वरूप. काहीही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. आयुष्यात इतकी बिनचूक बातमी मी क्वचितच लिहिली असेल. निरीक्षकाने ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "हे मी वर पाठवलं तर साहेब माझी बदली करतील. तुम्ही आपलं 'घरगुती कार्यक्रम' असं लिहा ना."

"ते असत्य होईल."

"अहो, पण इथे येऊन सगळे असत्यच बोलतात असं तुम्हीच लिहिलंय."

"ते सराव म्हणून. हे निवेदन आहे."

आतून आईचा आवाज आला, "अरे, लिहून टाक की काय ते. एवढा ताठा कशाला?" माझी बायको पाण्याचा पेला घेऊन आली. ती निरीक्षकाला म्हणाली, "तुम्ही बसा आणि स्वतःच बघा. मग तुम्हाला काय दिसेल ते लिहा."

तो बसला. त्या संध्याकाळी पाळी घड्याळकाकांची होती.

घड्याळकाका तळमजल्यावर राहतात. खिडकीला लागून त्यांचं टेबल आहे. तिथे डोळ्याला भिंग लावून ते घड्याळं दुरुस्त करतात. त्यांचा मुलगा परदेशी आहे. तो येणार, येणार असं ते बरीच वर्षं सांगत आले आणि मग सांगायचे थांबले. सगळ्यांनाच ते माहीत होतं, त्यामुळे ते खुर्चीत बसून बोलायला लागले तेव्हा बिस्किटांची बशी फिरायची थांबली.

"माझा मुलगा शनिवारी येतोय," काका म्हणाले.

सरांनी हिच्याकडे पाहिलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला. यापेक्षा मोठी थाप या बैठकीत झाली नव्हती. आठ कॉलम इथेच वापरायचे असतात, आणि इथेच वापरता येत नाहीत.

"त्याला जाड उशी चालत नाही," काका पुढे म्हणाले. "मान दुखते म्हणाला. मी गादीवाल्याकडून निम्मा कापूस काढून घेतला. आता त्या कापसाचं काय करायचं? पिशवीत भरला तर पिशवी मावत नाही कुठे. टेबलाखाली ठेवला तर पंख्याने उडून घड्याळात जातो. काल एका गजराच्या घड्याळातून कापूस निघाला. तेव्हापासून मी पंखाच बंद ठेवलाय. उकडतंय किती."

सगळे हिच्या वाक्याची वाट पाहत होते. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि मराठीत विचारलं, "शनिवारी सकाळी की संध्याकाळी, काका?"

"सकाळी. विमान रात्री उतरतं."

"बरं. कापूस माझ्याकडे आणून ठेवा. कपाटावर जागा आहे."

काकांनी मान डोलावली आणि ते उठले. बस, एवढंच. एक शब्द इंग्रजी नाही, अर्धा कॉलमसुद्धा संशय नाही. सर खिडकीबाहेर पाहू लागले. निरीक्षकाने मात्र लगेच कागद पुढे ओढला आणि लिहिलं: 'प्रत्यक्ष पाहणीत शिकवण्याचा वा शिकण्याचा कोणताही प्रकार आढळला नाही.' सही केली, दोन बिस्किटं घेतली आणि गेला.

पालिकेच्या तावडीतून आम्ही सुटलो. पण परीक्षा तोंडावर आली होती आणि माझ्या विद्यार्थिनीने भर वर्गात कोरा कागद दिला होता. सगळे गेल्यावर मी जरा स्पष्टच बोललो.

"दया आली, हे मी समजू शकतो. पण कंपनीत दयेला मार्क नाहीत."

"दया कसली? तो येतोय शनिवारी."

"सूत्र काय?"

"कापूस," ती म्हणाली. "इतके दिवस मी या लोकांच्या थापा ऐकतेय. सगळ्यांच्या थापा कशा छान घडी घातलेल्या असतात. हार गेला, चोर पळाला, संपलं. खोटं बोलणारा माणूस उरलेला कापूस ठेवायला जागा शोधत नाही हो."

मी बिस्किटांची रिकामी बशी उचलली.

"तुमच्या पेपरात छापला असतात का तो कापूस?"

"जागेअभावी वगळला असता," मी म्हणालो. पत्रकाराने खरं बोलावं.

परीक्षा शुक्रवारी झाली. ती गेली तेव्हा सगळी इमारत जिन्यात उभी होती, घड्याळकाकांसकट. आली तेव्हा तिने पर्स खुंटीला न लावता खुर्चीवर ठेवली. परीक्षा बिघडली हे त्यावरूनच मला कळलं.

"किती वाक्यं वापरलीस?" सरांनी विचारलं.

"एकही नाही."

परीक्षा अशी झाली. तिला कानाला फोन देऊन बसवलं. पलीकडून एक माणूस इंग्रजीत सांगू लागला: त्याची गाडी बंद होती, काचा बंद होत्या, पाऊस नव्हता, तरी गाडी आतून पूर्ण भिजली. सीटवर ठेवलेली नवीन माशांची टाकी फुटली, पण कशी ते त्याला माहीत नाही, कारण तेव्हा तो दुकानात चिल्लर आणायला गेला होता. बाकीच्या उमेदवारांचे आवाज शेजारच्या खोल्यांतून येत होते. एकाने 'आय हॅव माय डाउट्स' म्हटलं. एक बाई तर 'यू मस्ट बी जोकिंग' म्हणाल्या, आणि हिच्या मते उच्चार चांगला होता.

"आणि तू?"

"मी म्हणणारच होते. पण तो माणूस गाडीबद्दल बोलतच नव्हता. सारखा बादलीबद्दल बोलत होता. मासे बादलीत ठेवलेत, घरात बादली एकच, त्याचे वडील आंघोळीवाचून बसलेत आणि चिडलेत. म्हणून मी विचारलं."

"काय विचारलंस?"

"व्हेअर आर द फिश नाऊ?"

सरांनी चष्मा काढून पुसला. इतक्या लोकांनी इतक्या संध्याकाळी मन लावून मारलेल्या थापा, त्याचं फळ हे एक वाक्य. ते माझ्या कुठल्याही कॉलमात बसत नव्हतं.

"मग पुढे?" आईने विचारलं.

"मग तो खूप वेळ बोलला आणि मी ऐकलं. शेवटी कंपनीतल्या बाई म्हणाल्या, कळवू."

'कळवू' या शब्दाचा अर्थ आमच्या कार्यालयात सगळ्यांना ठाऊक आहे.

शनिवारी सकाळी मी फाटकापाशी स्कूटर पुसत होतो. ती स्वच्छ होती. सर वर्तमानपत्र घेऊन खाली आले आणि तिथेच वाचत थांबले, आणि ते वर्तमानपत्र कालचं होतं. वहिनींना अचानक फाटकाजवळच्या कुंड्यांची काळजी वाटू लागली. घड्याळकाका मात्र आपल्या टेबलापाशी, भिंग लावून, पंखा बंद ठेवून काम करत होते.

टॅक्सी आली. आतून एक उंच, डोळ्यांत झोप असलेला माणूस उतरला. एका हातात बॅग होती. दुसऱ्या काखेत त्याची स्वतःची पातळ उशी.

काका खिडकीतून बघत होते. भिंग डोळ्यालाच होतं, ते काढायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मग ते बाहेर आले आणि पहिलं वाक्य म्हणाले, "अरे, उशी कशाला आणलीस? मी कापूस काढून ठेवला ना."

"मानेला सवय आहे, बाबा," मुलगा म्हणाला. "आणि तुम्ही एवढे घामाघूम का झालायत? पंखा लावा की."

मी स्कूटर पुसायचं थांबवून वर पाहिलं. गॅलरीत ही उभी होती. डावी भुवई थोडी वर गेलेली. मी मान खाली घालून पुन्हा स्कूटर पुसू लागलो.

सोमवारी कंपनीतून फोन आला. फोनजवळ मीच होतो, म्हणून मी घेतला. बाई म्हणाल्या की तुमच्या मिसेसची निवड झाली आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, "आर यू शुअर?"

"कोण बोलतंय?" बाईंनी विचारलं.

हिने मागून येऊन फोन काढून घेतला. बोलणं झाल्यावर तिने सांगितलं ते असं: माशांची गोष्ट एका जुन्या दाव्यातली होती आणि खरी होती. कंपनीने तो दावा करणाऱ्यावर तेव्हा फार सभ्यपणे अविश्वास दाखवला होता, आणि तो कोर्टात जाऊन जिंकला होता. तेव्हापासून संशय घेणारी माणसं त्यांच्याकडे पुष्कळ जमली होती. संशय कधी घ्यायचा नाही हे कळणारी त्यांना हवी होती. "बाकीची वाक्यं आम्ही शिकवू म्हणाल्या," ही म्हणाली. "मी म्हटलं, ती येतात."

सरांनी वाटण्यासाठी स्वतः बिस्किटं आणली. आईने हिच्या नोकरीला आपला पहिल्यापासून पाठिंबा होता असं जाहीर केलं, आणि हिने त्यावर फक्त "थँक यू, आई" म्हटलं. ही तिच्या शिक्षणातली खरी प्रगती, असं मला वाटतं.

पहिल्या दिवशी सकाळी घड्याळकाका वर आले. आमच्या कपाटावरचा कापूस त्यांनी मधल्या काळात परत नेला होता. आता त्याची चौकोनी, घट्ट शिवलेली गादी झाली होती. "ऑफिसच्या खुर्च्या कडक असतात," ते म्हणाले. त्यांच्यामागे मुलगा उभा होता. परतीचं तिकीट पुढे ढकलल्याचं त्याने स्वतःच सांगितलं. मी दुसरं सूत्र मागितलं नाही.

एका हातात पर्स, दुसऱ्या काखेत गादी घेऊन ही बाहेर पडली. तिला सोडायला मीही निघालो. जिन्यापाशी सेक्रेटरी उभे होते. महिनाअखेर होती. लिफ्टच्या दारावरची पाटी काढलेली होती, कांदे उचललेले होते आणि आत दिवा लागला होता.

"सुरू झालीय," सेक्रेटरी म्हणाले. ते हिच्याकडे पाहत होते. सगळा अपमान त्यांच्या चेहऱ्यावर अजून ताजा होता.

हिने एकदा लिफ्टकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "तेल घातलंत का हो? आधी किती करकरायची."

सेक्रेटरींचा चेहरा एकदम उजळला. "घातलं ना. पण तो माणूस तेलाचा डबा इथेच विसरून गेलाय. आता तो कुणाकडे ठेवायचा तेच कळत नाही."

ही लिफ्टमध्ये शिरली. दार लागलं.

मी जिन्याने उतरलो. एकाच सूत्रावर विसंबून राहायची आमच्यात पद्धत नाही. चार मजले उतरून, धापा टाकत मी खाली पोहोचलो तेव्हा फाटकापाशी ती माझी वाट पाहत उभी होती.